डाळीतलं प्रोटीन ‘मेलेलं’ नसतं आणि वायाही जात नाही

माझी आत्या कर्वेनगरला राहते. वय ७४. गेल्या महिन्यात तिच्याकडे जेवायला गेले तेव्हा ताटात पोळी होती, दुधीची भाजी होती, भात होता, लिंबाची फोड होती. वरण नव्हतं. आत्याकडचं ताट आणि त्यात वरण नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. विचारलं तर म्हणाली, "अगं, चार महिने झाले बंद करून. त्याचा अंगाला काही उपयोग नसतो म्हणे, उलट किडनीला ताप." आणि तिने मोबाइल माझ्यापुढे धरला.

तो मजकूर तुमच्याकडेही आला असेल. मला स्वतःला तो तीन ठिकाणांहून आला: सोसायटीचा ग्रुप, शाळेतल्या मैत्रिणींचा ग्रुप आणि तळजाईला सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा ग्रुप. त्यात थोडक्यात पाच गोष्टी सांगितल्या आहेत. कुकरमध्ये शिजवलं की प्रोटीन मरतं. डाळीत सगळी अमिनो ॲसिड नसतात, म्हणून तिचं प्रोटीन ‘अपूर्ण’ असतं आणि शरीर ते टाकून देतं. एका वेळी ३० ग्रॅमच्या वर प्रोटीन पचतच नाही. कोलेजनची पावडर मात्र थेट त्वचेला आणि गुडघ्यांना लागते. आणि साठीनंतर प्रोटीन कमी करा, किडनी वाचवा. खाली कुणाचं नाव नाही, ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा’ एवढं आहे.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात २६ वर्षं जीवरसायनशास्त्र शिकवते. चुकीचे मजकूर रोज येतात आणि मी ते सोडून देते. हा सोडवत नाही, कारण यातली वाक्यं अर्धवट खरी आहेत आणि माझ्या घरातल्या माणसाने त्यापायी चार महिने डाळ खाल्ली नाही. यातल्या बहुतेक विधानांच्या मुळाशी एकच समजूत आहे: आपण जे प्रथिन खातो तेच जसंच्या तसं अंगाला लागतं. तसं ते लागत नाही. ही एक गोष्ट नीट कळली की बाकीचं आपोआप सुटतं.

पहिला मुद्दा कुकरचा. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. एका आम्लाचं टोक पुढच्याच्या टोकाला पेप्टाइड बंधाने पक्कं जोडलेलं असतं. ही साखळी सरळ राहत नाही. ती कुठे मळसूत्रासारखी वळते, कुठे घडीच्या पंख्यासारखी दुमडते आणि शेवटी तिची एक ठरावीक आकाराची गुंडी होते. घड्या टिकवणारे बंध बहुतेक नाजूक असतात, साखळीतले पेप्टाइड बंध मात्र चिवट. उष्णतेने पहिले सुटतात, दुसरे सुटत नाहीत. अंडं उकडल्यावर पांढरं आणि घट्ट होतं ते यामुळेच: उलगडलेल्या साखळ्या एकमेकींत अडकून बसतात. साखळ्या तुटलेल्या नसतात.

हे आमच्या प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाची मुलं डोळ्यांनी बघतात. एका परीक्षानळीत कच्च्या अंड्याचा पांढरा भाग पाण्यात कालवून घ्यायचा, दुसरीत उकडलेल्याचा बारीक कुस्करलेला तुकडा. दोन्हींत सोडियम हायड्रॉक्साइड घालायचं आणि मग मोरचुदाच्या अगदी फिक्या द्रावणाचे चार थेंब. याला बाययुरेट चाचणी म्हणतात. पेप्टाइड बंध शाबूत असतील तर जांभळा रंग येतो. कच्च्या अंड्याला येतो आणि उकडलेल्यालाही येतो, तुकड्याच्या कडेपासून हळूहळू पसरत. ही साखळी प्रयोगशाळेत पूर्ण तोडायची तर ६ नॉर्मल तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंश सेल्सियसला २४ तास ठेवावी लागते. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं हे खरं, पण तिथे तीव्र आम्ल नसतं आणि चार-पाच शिट्ट्यांत कुकर उतरतो. साखळीला त्याने धक्का लागत नाही.

आणि घडी मोडली म्हणजे प्रथिन ‘मेलं’ असंही नाही. क्रिश्चियन ॲन्फिन्सन यांनी १२४ अमिनो आम्लांचं रायबोन्युक्लिएज हे विकर (एन्झाइम) युरियात उलगडून दाखवलं. मग युरिया काढून टाकला तर ते आपलं आपण पुन्हा मूळ घडीत आलं आणि कामाला लागलं. आकाराचा नकाशा आम्लांच्या क्रमातच असतो, हे त्यातून सिद्ध झालं. १९७२ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना या कामासाठी मिळालं. अंड्याचं उलगडणं असं सहजी परतत नाही, पण परतायची गरजही नाही. कुकरने उलगडलं नसतं तर जठरातल्या आम्लाने उलगडलंच असतं.

उलट शिजवण्याचा फायदाच आहे. घडी सुटली की पाचक विकरांना साखळीपर्यंत पोहोचता येतं. बेल्जियममध्ये १९९८ साली हे माणसांवर मोजलं गेलं: शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ९१ टक्के प्रथिन पचलं, कच्च्यातलं सुमारे ५१ टक्के. कडधान्यांच्या बाबतीत तर शिजवणं टाळून चालतच नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारे घटक असतात. कच्च्या राजम्यात असं एक प्रथिन असतं की थोडे दाणे पोटात गेले तरी उलट्या-जुलाब होतात. हे सगळं नीट उकळल्यावर निकामी होतं. आपल्या आज्या कडधान्य भिजवून, मोड आणून, मऊ शिजवून वाढत आल्या, ते योग्यच होतं. एक बारीक नुकसान मात्र मान्य करते. कोरड्या आचेवर खूप वेळ खमंग भाजलं की लायसिन या अमिनो आम्लाचा काही भाग साखरेशी जोडला जाऊन निरुपयोगी होतो. भाजणी करपवू नये, एवढाच त्याचा अर्थ.

आता मुळाचा गैरसमज. त्यासाठी मला माझ्या वडिलांच्या कामाकडे जावं लागेल.

बाबा नारायण पेठेतल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायचे. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, उतरती लाकडी केस, केसमध्ये प्रत्येक अक्षराचं वेगळं घर. मजकूर छापून झाला की बाबा ती जुळणी सोडवायचे आणि एकेक खिळा त्याच्या त्याच्या घरात टाकायचे. त्यांची बोटं इतकी सरावलेली होती की ते न बघता माझ्याशी बोलत बोलत हे करायचे. काल लग्नपत्रिकेत असलेला ‘श्री’ आज पतपेढीच्या अहवालात जायचा. त्या खिळ्याला लग्नाशी काही देणंघेणं नसायचं.

पचन म्हणजे ही जुळणी सोडवणं. जठरात पेप्सिन साखळीचे मोठे तुकडे करतं. लहान आतड्यात स्वादुपिंडातून आलेली ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन ही विकरं त्यांचे आणखी तुकडे करतात. शेवटी सुटी अमिनो आम्लं आणि दोन-तीन आम्लांचे बारके तुकडे आतड्याच्या पेशींत शिरतात. तिथे त्या तुकड्यांचेही बहुतेक सुटे खिळे होतात आणि रक्तावाटे यकृताकडे जातात. तुरीचं प्रथिन, दुधाचं प्रथिन, बोंबलाचं प्रथिन ही नावं आतड्यापर्यंतच. पलीकडे तेच वीस प्रकारचे खिळे.

याचा पुरावा पुण्यात जवळजवळ प्रत्येक इमारतीत सापडेल. इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन आहे. २१ आणि ३० आम्लांच्या दोन साखळ्या, एकमेकींना गंधकाच्या टाक्यांनी शिवलेल्या. फ्रेडरिक सँगर यांनी त्यातला आम्लांचा क्रम उलगडला आणि त्यांना १९५८ चं नोबेल मिळालं. मधुमेही माणसाला इन्सुलिन पहिल्यांदा दिलं गेलं १९२२ मध्ये, सुईने. आजही बहुतेकांना ते टोचूनच घ्यावं लागतं, कारण नुसतं गिळलं तर पोट त्याचीही जुळणी सोडवून टाकतं. खाल्लेलं प्रथिन जसंच्या तसं अंगाला लागत असतं तर इतक्या लोकांनी रोज पोटाला सुई कशाला टोचून घेतली असती?

सुट्या खिळ्यांतून नवी जुळणी पेशी करतात, त्यांच्या जनुकांत लिहिलेल्या हस्तलिखिताप्रमाणे. त्यात क्रम किती महत्त्वाचा? नारायण पेठेतून शनिवारवाड्यापर्यंत चालत जाता येतं, आणि तिथे ‘ध’ चा ‘मा’ झाल्याची गोष्ट पुण्यातल्या पोरासोरांना ठाऊक असते. ‘धरावे’ चं ‘मारावे’ झालं आणि १७७३ मध्ये नारायणराव पेशवे गेले, असं सांगतात. हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या मिळून ५७४ अमिनो आम्लं आहेत. त्यातल्या १४६ आम्लांच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं की सिकल सेल हा रक्ताचा आजार होतो. एवढ्या एका बदलाने तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात. हे व्हर्नन इन्ग्रम यांनी १९५६-५७ मध्ये दाखवून दिलं. आपल्याकडे नंदुरबार, गडचिरोली भागातल्या आदिवासी कुटुंबांना हा आजार पिढ्यान्‌पिढ्या छळतो आहे. जिथे एका अक्षराने हे होतं, तिथे तुरीचा मजकूर तसाच्या तसा आपल्या स्नायूत बसेल हे शक्यच नाही. शरीर डाळीकडून मजकूर घेत नाही, फक्त खिळे घेते.

आता डाळ ‘अपूर्ण’ असण्याचा मुद्दा. यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण आत्याने वरण सोडलं ते या वाक्यामुळे.

वीसपैकी नऊ अमिनो आम्लं प्रौढ माणसाचं शरीर स्वतः बनवू शकत नाही, ती अन्नातूनच घ्यावी लागतात: हिस्टिडिन, आयसोल्युसिन, ल्युसिन, लायसिन, मिथिओनिन, फेनिलअलॅनिन, थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन आणि व्हॅलिन. डाळीत ही नऊच्या नऊ असतात. गव्हात असतात, तांदळातही असतात. ‘डाळीत सगळी अमिनो ॲसिड नसतात’ हे सरळ चूक आहे. फरक आहे तो प्रमाणाचा. डाळीत मिथिओनिन जरा कमी, धान्यात लायसिन कमी.

प्रमाण कमी असलं की काय होतं, हेही छापखान्यात पाहिलेलं आहे. केसमध्ये ‘क’ चे खिळे ढिगाने असले तरी ‘ण’ संपले की पान अडतं. मग पान अर्धवट ठेवून बाबा जुन्या जुळणीतून ‘ण’ शोधत बसायचे. पेशीतही तेच होतं. सर्वांत कमी पडणारं आम्ल किती आहे त्यावर जुळणी किती पुढे जाणार हे ठरतं. १९१४ मध्ये ऑस्बर्न आणि मेंडेल या अमेरिकन संशोधकांनी वाढीच्या वयातल्या उंदरांना प्रथिन म्हणून फक्त गव्हातलं ग्लायडिन दिलं, तेव्हा त्यांची वाढ थांबली. लायसिन घातल्यावर ती पुन्हा सुरू झाली. ‘अपूर्ण प्रथिन’ या कल्पनेमागे असे प्रयोग आहेत आणि ते प्रयोग चोख होते. पण त्या उंदरांपुढे ताट नव्हतं, एकच शुद्ध केलेलं प्रथिन होतं. पुण्यात कोण नुसतं ग्लायडिन खातं?

हिशेब मांडून बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालाप्रमाणे प्रौढाच्या आहारात दर ग्रॅम प्रथिनामागे ४५ मिलिग्रॅम लायसिन हवं. गव्हाच्या प्रथिनात ते २५ ते ३० असतं, डाळी-कडधान्यांच्या प्रथिनात ६० ते ७०. समजा दिवसभरात चार पोळ्या खाल्ल्या, म्हणजे साधारण १२ ग्रॅम प्रथिन. दर ग्रॅमला २७ धरलं तर ३२४ मिलिग्रॅम लायसिन झालं. त्यात ३० ग्रॅम कच्च्या तुरीच्या डाळीचं वरण घाला, साडेसहा ग्रॅम प्रथिन. ३० ग्रॅम मटकीची उसळ घाला, आणखी सात. या दोन्हींना दर ग्रॅम ६५ धरलं तर एकूण साडेपंचवीस ग्रॅम प्रथिनात सुमारे १,२०० मिलिग्रॅम लायसिन होतं. दर ग्रॅमला ४७. एकट्या पोळीचं २७ होतं, ते वरण-उसळीने ४७ झालं. डाळीत कमी पडणारं मिथिओनिन पोळी-भाताने भरलं. भाकरी-पिठलं, वरण-भात, मिसळ-पाव या जोड्या कुणी तक्ते बघून लावल्या नाहीत, पण तक्त्यात त्या बसतात. भाकरीबरोबर नुसती शेंगदाण्याची चटणी घेतली तर मात्र हा हिशेब तितका जुळत नाही, कारण शेंगदाण्यात लायसिन डाळीइतकं नसतं. तिथे पिठलं हवंच.

‘मग प्रत्येक घासाला डाळ आणि धान्य बरोबरच खायला हवं का?’ असं मला विद्यार्थीही विचारतात. नको. मोठ्या माणसाच्या शरीरात रोज २५० ते ३०० ग्रॅम प्रथिन मोडलं जातं आणि तेवढंच नव्याने बांधलं जातं. आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत बदलतं, रक्तातलं अल्ब्युमिन सुमारे वीस दिवसांत अर्धं नवं होतं, तांबडी पेशी १२० दिवस टिकते. आपण खातो ते ५०-६० ग्रॅम या मोठ्या उलाढालीत येऊन मिसळतात. केसमध्ये खिळे कायम येत-जात असतात. सकाळी पोळी आणि रात्री आमटी, एवढ्या अंतराने काही बिघडत नाही.

त्या मजकुराला देण्यासारखं जे आहे तेही देते. डाळीच्या प्रथिनाचं पचन दूध-अंड्यापेक्षा कमी होतं. दूध-अंड्याचं ९५ टक्क्यांच्या आसपास पचतं, डाळीचं ७५ ते ८५. आणि खरी अडचण वेगळीच आहे: आपल्या आमटीत डाळ किती असते? पातळ आमटीच्या वाटीत कधीकधी १५ ग्रॅमसुद्धा नसते, म्हणजे तीन-सव्वातीन ग्रॅम प्रथिन. मराठी शाकाहारी ताटाची उणीव ही आहे. डाळीचा दर्जा चांगला आहे, तिचं माप लहान आहे. त्यावर डाळ बंद करणं हा उपाय कसा होईल?

३० ग्रॅमचा मुद्दा फार वेळ घेण्यासारखा नाही. एका जेवणात स्नायूंची बांधणी जास्तीत जास्त किती उचल खाते यावर झालेल्या अभ्यासांतून हा आकडा निघाला आणि पुढे त्याचं ‘त्याच्या वर पचत नाही’ असं झालं. आतडं जास्तीचं प्रथिनही शोषतं, फक्त वेळ घेतं. दुधातलं केसिन जठरात गोळा होऊन सावकाश उतरतं, निवळीतलं (व्हे) प्रथिन लवकर. बांधणीला न लागलेल्या अमिनो आम्लांचा नायट्रोजन युरिया होऊन लघवीतून जातो आणि उरलेला भाग ऊर्जेसाठी वापरला जातो. तसंही आपल्यापैकी कितीजणांच्या एका जेवणात ३० ग्रॅम प्रथिन असतं? आत्याच्या अख्ख्या दिवसात नव्हतं.

कोलेजनबद्दल लिहिताना मला आधी मद्रासचं नाव घ्यायचं आहे. या प्रथिनाची तीन पेडी वेणीसारखी रचना तिथे जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४-५५ मध्ये मांडली. साधनं मोजकी, आणि काम जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेलेलं. तीन साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या, आणि प्रत्येक साखळीत दर तिसरं आम्ल ग्लायसिन. वेणीच्या आतल्या बाजूला जागा इतकी अरुंद असते की तिथे सर्वांत लहान असलेलं ग्लायसिनच मावतं. वेणी घट्ट राहावी म्हणून प्रोलिनवर एक जादा ऑक्सिजन बसवावा लागतो आणि त्या कामाला क जीवनसत्त्व लागतं. ते मिळालं नाही की हिरड्यांतून रक्त येतं, जखमा भरत नाहीत. त्यालाच स्कर्व्ही म्हणतात.

ही वेणी गिळली तर ती गुडघ्यात जाऊन बसत नाही. तिचीही जुळणी सुटते. प्रोलिन-हायड्रॉक्सिप्रोलिनचे काही बारके तुकडे रक्तात सापडतात हे खरं आहे, आणि त्वचेत थोडा फरक दिसल्याचे काही अभ्यासही आहेत, पण त्यातल्या बऱ्याच अभ्यासांना पैसा विकणाऱ्यांकडूनच आलेला आहे. ‘थेट लागतं’ असं म्हणायला आधार नाही. आणि ज्या मजकुराने डाळीला ‘अपूर्ण’ ठरवलं, त्याने एक गोष्ट सांगितलीच नाही: कोलेजनमध्ये ट्रिप्टोफॅन अजिबात नसतं. थोडंसुद्धा नाही. नऊपैकी एक घर पूर्ण रिकामं. पॅरिसमध्ये गरिबांना हाडांपासून काढलेलं जिलेटिन, म्हणजे शिजवून सुटलेलं कोलेजनच, पोषक म्हणून दिलं जात होतं. माझांदी या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाच्या समितीने प्राण्यांना ते खायला घालून १८४१ मध्ये अहवाल दिला की नुसत्या जिलेटिनवर जीव तगत नाही. एवढी जुनी गोष्ट आहे ही. आपल्या त्वचेतलं कोलेजन आपल्याच पेशी बनवतात, वरणातल्या आणि दह्यातल्या खिळ्यांपासून, आवळ्या-लिंबातल्या क जीवनसत्त्वाच्या मदतीने. महागाचा डबा घ्यायचा तर ज्याने त्याने आपल्या पैशाने घ्यावा, पण त्यासाठी ताटातली डाळ काढू नये.

राहिली किडनी. मला सर्वांत जास्त राग या वाक्याचा आला, कारण हे म्हाताऱ्या माणसांना उद्देशून लिहिलेलं आहे आणि भीती घालणारं आहे.

ज्यांना मूत्रपिंडाचा आजार झालेला आहे, त्यांच्यासाठी प्रथिनाचं माप ठरवून घ्यावं लागतं. ते डॉक्टर ठरवतात, रिपोर्ट बघून, आणि त्यांनी सांगितलेलं तंतोतंत पाळावं. माझ्या या लेखावरून त्यात काही बदलू नये. पण आजार झाल्यावर लावायचं पथ्य आजार नसलेल्या साठीपुढच्या सगळ्यांना वाटून टाकणं चूक आहे. निरोगी मूत्रपिंड वरण-उसळ-दुधाने बिघडतं असं कुठल्याही चांगल्या अभ्यासात दिसलेलं नाही. आणि वय वाढतं तसं प्रथिन कमी नव्हे, जास्त लागतं. म्हाताऱ्या स्नायूला तेवढ्याच अमिनो आम्लांनी बांधणीची पूर्वीइतकी चालना मिळत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिन सांगितलं आहे. २०१३ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने ६५ च्या पुढच्या निरोगी माणसांसाठी १ ते १.२ ग्रॅम सुचवलं. ते मिळालं नाही की स्नायू झिजत जातात. त्याला सार्कोपेनिया म्हणतात. आधी जिन्याचा कठडा धरावा लागतो, मग खुर्चीतून उठायला आधार लागतो, मग कधीतरी बाथरूममध्ये पाय घसरतो आणि खुब्याचं हाड मोडतं.

आत्याला मी त्या दिवशी जेवणानंतर खुर्चीवर बसवलं आणि हात छातीवर घडी घालून पाच वेळा उठायला-बसायला सांगितलं. पाच वेळांना १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर स्नायूंची ताकद कमी झाली असं धरतात. तिसऱ्या वेळेला तिचा हात आपोआप खुर्चीच्या दांडीकडे गेला. ती म्हणाली, "गुडघे गं, वयच आहे." मी काही बोलले नाही. दिवाळीत हीच बाई पाटावर बसून चकल्या पाडत होती.

तिचं वजन ५२ किलो. तिच्या दिवसभराच्या खाण्याचा हिशेब मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिला. तीन पोळ्यांचे ९ ग्रॅम, भाताचे ३, चहातल्या दुधाचे ३, वाटीभर दह्याचे ३, भाज्यांचे अडीच. साडेवीस ग्रॅम. दर किलोला एक धरलं तरी तिला ५२ हवेत. मग त्याच पानावर खाली पुढचं लिहिलं: ३० ग्रॅम तुरीचं वरण साडेसहा, ३० ग्रॅम मटकीची उसळ सात, रात्री पेलाभर दूध साडेसहा, २५ ग्रॅम बेसनाचं पिठलं साडेपाच, मूठभर भाजलेले शेंगदाणे सहा. बेरीज बरोबर ५२ झाली. एकही डबा बाहेरून आणावा लागला नाही. दुसऱ्या दिवशी तिचे रक्त-लघवीचे रिपोर्ट घेऊन आम्ही तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन ठीक होतं. त्यांनी तो कागद बघितला आणि वरण सुरू करायला सांगितलं.

परवा रविवारी पुन्हा गेले होते. आत्या डाळ मुठीने मोजते, आयुष्यभर तशीच मोजत आली आहे. मी काटा नेला होता. तिची मूठ काट्यावर रिकामी केली तर १९ ग्रॅम भरली. तिने आकडा चष्मा लावून नीट वाचला, डब्यात हात घालून आणखी अर्धी मूठ डाळ पातेल्यात टाकली आणि ती धुवायला घेतली. ओट्यावर दुसऱ्या भांड्यात मटकी भिजत होती.